नाशिक जिल्ह्यात गरिबी मोजायला निघताना

बावीस वर्षं मी घरोघर फिरून सर्वेक्षणं केली. कधी आरोग्याची, कधी रोजगाराची, कधी शाळा सोडलेल्या मुलांची. आता समाजकार्य शिकणारी मुलंमुली पहिल्यांदा वस्तीवर निघतात, तेव्हा त्यांच्यासोबत दोन दिवस बसते. त्यांना तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे.

पहिल्या दिवशी फॉर्म घेऊन निघू नका. नाशिकजवळच्या गिरणाऱ्याला जा. दिवाळीनंतर टोमॅटो आणि द्राक्षाची कामं जोरात असतात, तेव्हा सकाळी सातच्या आत तिथल्या मजूर बाजारात पोहोचा. पेठ, हरसूल, त्र्यंबककडून आलेली माणसं रस्त्याच्या कडेला उभी दिसतील. कुणाजवळ नुसती भाकरीची फडकी, कुणाजवळ अंथरूण, पातेलं आणि काखेत मूल. पिकअप येते, शेतकरी काचेतून मजुरी सांगतो, दोन मिनिटं घासाघीस होते आणि आठ-दहा जणं मागे चढतात. तुम्ही फक्त तीन गोष्टी विचारा: कुठून आलात, किती दिवसांसाठी आलात, घरी मागे कोण आहे. तिथे वही काढू नका, संध्याकाळी आठवून लिहा. दोन सकाळी हे केलंत की जिल्ह्याचा एक नकाशा आपोआप तयार होतो. पश्चिमेच्या डोंगरातून माणसं उतरतात आणि दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये जातात. उलट दिशेने कामाला जाणारं माणूस मला एवढ्या वर्षांत भेटलं नाही.

मग आकड्यांकडे वळा. आकडे वाचताना एकच सवय लावून घ्या: प्रत्येक आकड्याला विचारायचं, तू कुणाकुणाला एकत्र करून तयार झालास? नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक घ्या, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतल्या वंचिततेवरून काढलेलं गरिबीचं माप. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून काढलेलं महाराष्ट्रातलं गरिबांचं प्रमाण १४.८० टक्के होतं, २०१९-२१च्या पाहणीत ते ७.८१ टक्क्यांवर आलं. चांगलीच घट आहे, ती नाकारायचं कारण नाही. त्याच दुसऱ्या पाहणीत बिहारचं प्रमाण ३३.७६ टक्के आणि केरळचं ०.५५ टक्के आहे. एकाच देशातली ही दोन टोकं. आता राज्याच्या आत या. पहिल्या पाहणीत महाराष्ट्र पंधरा टक्क्यांच्या आत होता, तेव्हा धुळ्यापलीकडच्या नंदुरबारमध्ये निम्म्याहून अधिक माणसं गरीब होती. इथवर आकडे साथ देतात. त्याच्या खाली मात्र देत नाहीत. दुसऱ्या पाहणीत देशभरातली सुमारे ६ लाख ३७ हजार घरं होती आणि जिल्हे ७०७, म्हणजे एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी नऊशे घरं. नाशिकमध्ये तालुके १५. नऊशे घरांवरून जिल्ह्याबद्दल बोलता येतं, डोंगराळ सुरगाण्याबद्दल वेगळं आणि बागायती निफाडबद्दल वेगळं बोलता येत नाही. ते काम तुम्हाला पायी करायचं आहे.

समाजगटांचं तसंच. दारिद्र्यरेषा ठरवणाऱ्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साली ग्रामीण भारतात २५.७ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, ग्रामीण अनुसूचित जमातींमध्ये ४५.३ टक्के. अकरा वर्षांनी, २०२२-२३च्या कुटुंब खर्च पाहणीत ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ३,७७३ रुपये निघाला. अनुसूचित जमातींचा ३,०१६, आणि अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी वगळून उरलेल्यांचा ४,३९२. दरी आहे, हे कळतं. का आहे, हे या आकड्यांच्या पोटात नाही. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि ‘आदिवासी म्हणून गरीब’ असं लिहून मोकळे होतात. ते वाक्य तुमच्या अहवालात येऊ देऊ नका. जमात हे गरिबीचं कारण नसतं. त्या जमातीच्या वाट्याला कुठली जमीन आली, पाणी कुठून कुठे गेलं आणि शाळा-दवाखाना कुठल्या वळणावर संपला, हे शोधा.

नाशिकमध्ये हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. सिन्नर, येवला, नांदगावकडे पाचशे-सहाशेच्या आसपास. पावसावरच श्रीमंती ठरत असती तर पेठ-सुरगाणा सगळ्यात पुढे असायला हवे होते. पण तिथे कातळ आणि उतार. पडलेलं पाणी नार, पार, दमणगंगेतून गुजरातकडे निघून जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये विहिरीच्या तळाशी बाया वाटीने पाणी भरतात. वैतरणेचं पाणी मुंबईला जातं. पालखेडच्या कालव्याने निफाड-येवल्याची शेतं भिजतात. धरणं, कालवे, बाजारसमित्या, पतपेढ्या आणि पक्के रस्ते जिथे एकत्र आले तिथे कांदा-द्राक्षाचा पैसा उभा राहिला. २०११च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्यात चारात एक माणूस अनुसूचित जमातीचं होतं. पेठ आणि सुरगाण्यात दहात नऊहून अधिक. गरिबीच्या नकाशावर जमातीचा नकाशा ठेवला तर दोन्ही जुळतात. तिसरा, पाण्याचा नकाशा त्यांच्यावर ठेवला की ते का जुळतात हे दिसायला लागतं. २०२२च्या अखेरीस सुरगाण्यातल्या सीमेवरच्या गावांनी ‘आम्हाला गुजरातला जोडा’ अशी मागणी केली, तेव्हा बऱ्याच जणांना धक्का बसला. पलीकडचा रस्ता आणि दवाखाना ज्यांना रोज दिसतो, त्यांच्या ओसरीवर बसल्याशिवाय ती मागणी समजत नाही.

आता गाव निवडणं. माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली आहे, म्हणून यावर थोडं जास्त लिहिते.

कामाला लागून दोनच वर्षं झाली होती. निफाड तालुक्यातलं एक गाव माझ्याकडे आलं. ग्रामपंचायतीतून यादी घेतली, प्रत्येक दहावं घर घेतलं, चार दिवसांत काम पूर्ण केलं. बंगले, ट्रॅक्टर, इंग्रजी शाळेची गाडी. गरीब घरं फारच थोडी निघाली. शेवटच्या संध्याकाळी एसटीची वाट बघत उभी होते, तेव्हा कॅनॉलच्या कडेने डोक्यावर सरपण घेऊन आठ-नऊ बायका गेल्या. कुठे राहता, विचारलं. ‘पल्याड, भिल्लवस्तीत.’ कॅनॉलपलीकडे गायरानावर तीसेक झोपड्या होत्या. माझ्या यादीत त्यातलं एकही घर नव्हतं, कारण घरपट्टीच्या नोंदवहीत त्या झोपड्या नव्हत्या आणि यादी त्या वहीवरून केलेली होती. मी ते काम घेणाऱ्या कचेरीला कळवलं. मुदत संपली आहे, आहे तेच द्या, असं उत्तर आलं आणि मी दिलं. ते गाव कागदावर सुखवस्तू म्हणून गेलं. आजही निफाडच्या रस्त्याने जाताना मला तो कॅनॉल दिसतो.

म्हणून ग्रामपंचायतीची यादी ही सुरुवात समजा, ती पुरेशी नसते. गावात पोहोचलात की अंगणवाडी सेविका किंवा आशाताईला गाठा आणि जमिनीवर काठीने गावाचा नकाशा काढायला सांगा. लसीकरणासाठी ती जिथे जिथे जाते तिथे घरं असतात, मग नोंद असो वा नसो. त्या नकाशावर विचारा: शेवटचा विजेचा खांब कुठे आहे? शेवटचा नळ कुठे? त्याच्या पुढे कोण राहतं? बागायती तालुक्यांतल्या गरिबीचा पत्ता बहुतेक वेळा त्या शेवटच्या खांबापुढे सापडतो. आणखी एक बाब लक्षात ठेवा. १९८५च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्र, म्हणजे आदिवासींसाठीच्या खास तरतुदी लागू होणारा भाग, ठरलं त्यात पेठ, सुरगाणा, कळवण पूर्ण आणि दिंडोरी, इगतपुरी, नाशिक, बागलाणमधली काही गावं आली. निफाड, येवला, सिन्नर, नांदगाव त्याच्या बाहेर राहिले. म्हणजे तिथला भिल्ल मजूर संख्येनेही थोडा आणि क्षेत्राबाहेरचाही. श्रीमंत तालुक्यातला गरीब दोनदा हरवतो, एकदा सरासरीत आणि एकदा योजनेच्या नकाशात.

उलटंही तपासा. सुरगाण्यातल्या पाड्यावर गेलात आणि सगळ्यांपुढे ‘अनुसूचित जमात’ असं लिहून आलात, तर हाती काही लागत नाही. जमातीचं नाव लिहा: कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकूर, काथोडी. कोकणा घरात बहुधा थोडी तरी भाताची किंवा नागलीची जमीन असते, एखादा मुलगा शिक्षक किंवा पोलीस झालेला असतो. काथोडी घरात जमीन नसते, दाखला नसतो आणि पावसाळा संपला की घराला दार लावून सगळं कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर गेलेलं असतं. सरकारने काथोड्यांना विशेष असुरक्षित आदिम गटात धरलं आहे, ते उगाच नाही. खैराचा कात काढणं हा त्यांचा धंदा. जंगलावर बंदी आली आणि तो गेला. जमिनीच्या रकान्यात सातबारा आहे का, एवढंच विचारू नका. वनपट्टा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचा कागद, मिळाला का, दावा केला त्यापेक्षा किती कमी गुंठे मिळाले, कागद नवरा-बायको दोघांच्या नावावर आहे का, हेही विचारा. २०१८च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या मोर्चात याच डोंगरातली हजारो माणसं याच कागदासाठी चालली होती.

जात-जमात विचारायची ती मुलाखतीच्या शेवटी. आधी पाण्याबद्दल, पिकाबद्दल, लेकरांच्या शाळेबद्दल बोला. पहिलाच प्रश्न जातीचा आला की पुढची सगळी उत्तरं योजनेच्या अपेक्षेने किंवा भीतीने येतात. पारध्यांच्या पालावर तर भीतीने येतातच. १८७१च्या कायद्याने ज्यांना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ साली ज्यांच्यावरचा तो शिक्का कायद्याने काढला, त्यांच्या नातवंडांकडे आजही वही-पेन घेऊन आलेला माणूस आधी पोलीसच वाटतो. तिथे दोनदा नुसतं बसून या, तिसऱ्या वेळी फॉर्म काढा.

‘महिन्याची कमाई किती?’ हा प्रश्न मी कधीच विचारत नाही. ज्याला महिन्याचा पगार नाही त्याला महिन्याची कमाई सांगता येत नाही. तो तुमच्या समाधानासाठी एक आकडा सांगतो, आणि तो आकडा पुष्कळदा पिवळ्या रेशनकार्डाच्या मर्यादेत बसवलेला असतो. १९९९ साली तिरंगी शिधापत्रिका आल्या तेव्हा पिवळीसाठी वर्षाला १५ हजारांची मर्यादा होती. त्या धाकाने माणसं अजूनही उत्तर देतात, त्यांना दोष देऊ नका. त्याऐवजी हे विचारा: गेल्या आठ दिवसांत किती दिवस काम लागलं? रोजाने की उक्तं? पैसे हातात आले की उचलीत वळते झाले? उचल कुणाकडून घेतली आणि ती कधी फिटेल? घरातली नागली कुठल्या महिन्यापर्यंत पुरते? शेवटचं तेल किती रुपयांचं आणलं? तेलाचं उत्तर फार काही सांगून जातं. जे घर दहा रुपयांची पुडी आणतं ते किलोमागे जास्त पैसे मोजतं, कारण एकदम पिशवी घेण्याइतके पैसे त्याच्या हाती कधी एकत्र येत नाहीत.

हे सगळं बाईला विचारा, आणि ती चुलीपुढे असताना विचारा. पुरुष ओसरीवर गावाचं सांगतात, घरातलं ती सांगते.

महिना कुठला आहे, हे फॉर्मच्या डोक्यावर लिहा, ठळक लिहा. नागली-वरई घरात आलेली असते तेव्हा पाडा भरलेला दिसतो. आषाढ ते भाद्रपद हा तिथला उपाशी काळ. जुनं धान्य संपलेलं, नवं हिरवं उभं, बागांमध्ये काम नाही. आदिवासी कुटुंबांच्या खाण्याची सोय करणारी खावटी योजना १९७८ साली याच महिन्यांसाठी निघाली. आणि माघ-फाल्गुनात गेलात तर पाड्यावर म्हातारीकोतारी आणि कोंबड्याच भेटतील. कर्ती माणसं द्राक्षाच्या काढणीला गेलेली असतात, तुमच्या नमुन्यातून ती गळतात. एकाच पाड्यावर वर्षात तीनदा जा: एकदा श्रावणात, एकदा दिवाळीच्या आसपास, एकदा एप्रिलमध्ये. मोठ्या पाहण्यांना हे जमत नाही. २०१९-२१च्या आरोग्य पाहणीचं महाराष्ट्रातलं काम २०१९च्या जून ते डिसेंबरमध्ये झालं. पाण्याला जाऊन येऊन अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो का, असा वर सांगितलेल्या बहुआयामी निर्देशांकात एक निकष आहे. पेठमध्ये ऑगस्टला विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. एप्रिलला तीच बाई पहाटे तीनला हंडे घेऊन निघालेली असते.

घर गरीब ठरतं कसं, याचा हिशेब स्वतः करून बघा. निर्देशांकात बारा निकष आहेत, त्यांचे भार अपूर्णांकात आहेत. मुलांना समजावं म्हणून मी त्याचा ४२ गुणांचा पेपर करते. पोषणाला ७ गुण. बाल-किशोर मृत्यूला साडेतीन, गरोदरपणातल्या तपासण्यांना साडेतीन. घरात कुणी सहा वर्षं शाळा शिकलेलं नसेल तर ७. शाळेच्या वयाचं मूल शाळेबाहेर असेल तर ७. मग जळण, शौचालय, पाणी, वीज, घर, वस्तू आणि बँक खातं, यांना प्रत्येकी २. यात १४ किंवा त्याहून जास्त गुणांची वंचितता भरली की घर गरीब. आता एक पाडा डोळ्यांपुढे आणा. घरात कुणी सहावीपर्यंत पोहोचलेलं नाही: ७. चूल लाकडाची: २. शौचालय नाही: २. कुडाचं घर: २. बँक खातं नाही: २. बेरीज १५, घर गरीब. उद्या त्या घरात शून्य शिलकीचं खातं उघडलं की १३ होतात आणि घर गरिबीबाहेर जातं. खातं हवंच, रोजगार हमीचे पैसे त्यातच येतात. पण त्या घरची चूल, कूड आणि शाळा जिथल्या तिथे आहे. म्हणून प्रत्येक घरापुढे नुसतं ‘गरीब’ किंवा ‘नाही’ असं लिहू नका, गुण लिहा. चाळीस घरांच्या पाड्यावर बारा ते पंधरामध्ये अडकलेली घरं किती, तो आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या घरांना एक आजारपण पुरतं.

हाच पेपर मालेगावात नेलात तर वेगळा अनुभव येईल. गिरणा-मोसमच्या काठावरच्या त्या शहरात यंत्रमागावर जगणारी हजारो मुस्लिम कुटुंबं आहेत. विणकर मोमिनांचे पूर्वज १८५७नंतर उत्तरेतून इकडे आले. तिथे नळ आहे, वीज आहे, शाळा चार गल्ल्यांवर आहे, खातं आहे, मोबाइल आहे. गुणांची बेरीज कमी भरते. पण एका पत्र्याच्या खोलीत आठ माणसं पाळीने झोपतात, मजुरी विणलेल्या कापडावर मिळते आणि सुताचा भाव चढला किंवा वीज गेली की माग थांबतो. बायका घरात सुताच्या कांड्या भरतात. त्यांच्या कामाची नोंद कुठल्याच कागदावर नसते, स्वतः विचाराल तेव्हाच कळेल. तिथे जाताना शुक्रवार निवडा, माग बंद असतात, माणसं घरी भेटतात. आणि विचारा: गेल्या महिन्यात माग किती दिवस बंद होता? रात्रपाळी कितीदा केली? खोकला कुणाला आहे? पेठची गरिबी अंतरात असते आणि मालेगावची दाटीत. दोन्हींना एकच फॉर्म लावायचा असेल तर शेवटचं अर्धं पान कोरं ठेवा आणि ते त्या जागेच्या प्रश्नांनी भरा.

काम संपलं की आकडे घेऊन परत जा. मी पाड्यावर जमिनीवर बारा दगड मांडते, एकेक महिन्याचा एक, आणि त्यापुढे मुठीने धान्य ठेवायला सांगते. जितकं घरात असतं तितकं. मग माझ्या वहीशी ताडून बघते. एकदा एका आजीने माझ्या हिशेबातला ज्येष्ठ पाहिला, तिथलं धान्य उचललं आणि म्हणाली, हे आमचं नाही, हे सावकाराचं, पेरणीला आणलेलं, दिवाळीत दीडपट द्यायचं. माझ्या फॉर्ममध्ये ते घरातलं धान्य म्हणून धरलं होतं. त्या वस्तीतली चाळीसही घरं मी पुन्हा तपासली. सव्वीस घरांत हाच प्रकार निघाला.

तक्त्याच्या दोन प्रती काढा, मोठ्या अक्षरात, मराठीत. एक ग्रामसेवकाला सही घेऊन द्या, म्हणजे ग्रामसभेत ती काढता येते. दुसरी पाड्यावर ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, ज्याच्या घराचं छप्पर गळत नाही त्याच्या आढ्याला बांधून.